डोंगरातल्या मातीतला माइट ओळखायचा तर नाव सगळ्यात शेवटी

मायक्रोस्कोपच्या आयपीसला मोबाइल टेकवून काढलेला फोटो, त्यात एक तपकिरी गोल ठिपका, तोही फक्त पाठीकडून, आणि खाली प्रश्न की ही कुठली स्पीशीज? मुंबईतल्या झूलॉजीच्या पोरांकडून हे इतक्यांदा येतं की उत्तर आता पाठ झालंय: एवढ्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. गडबड डोळ्यांची किंवा मायक्रोस्कोपची नसते, क्रमाची असते. लोक आधी नाव ठरवतात आणि मग त्या नावाला जुळणाऱ्या खुणा शोधत बसतात.

इथे बोलतोय ते ऑरिबॅटिड माइट्सबद्दल, म्हणजे पालापाचोळ्यात, शेवाळात आणि मातीच्या वरच्या थरात राहणारे, कडक कवचाचे, सावकाश चालणारे, कोळी-गोचिडीच्या नात्यातले, बहुतेक पाव ते एक मिलिमीटरचे प्राणी. जगभरात यांच्या अकरा हजारांच्या आसपास प्रजातींची वर्णनं झालेली आहेत, त्यामुळे "चित्रातल्यासारखाच दिसतोय" या वाक्याला काही किंमत नाही.

१. निघण्याआधी: परवानगी, डबे, लेबलं

संजय गांधी उद्यान जवळ आहे म्हणून पिशवी घेऊन सरळ आत जायचं नाही, तिथून मूठभर माती उचलायलाही वनखात्याची परवानगी लागते. कळसूबाई पण अभयारण्यात येतं, हे ट्रेकला जाणाऱ्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं. माथेरानच्या जंगलालाही तेच. कॉलेजमार्फत अर्ज करा, वेळ लागतो, म्हणून सप्टेंबरात जायचं असेल तर उन्हाळ्यातच कागद पुढे सरकवा. घाई असेल तर कर्जत-नेरळ किंवा इगतपुरीकडे कुणाची खाजगी उताराची जमीन असते, मालकाला विचारून तिथून घ्या, सुरुवातीला तेही खूप झालं.

सोबत काय हवं: पाच सेंटिमीटर व्यासाचा पाइपचा तुकडा (कडा घासून धारदार केलेला), झिपलॉक पिशव्या, जाड कागदाचे तुकडे आणि पेन्सिल. पेन नको. बॉलपेन, जेलपेन, मार्कर, सगळ्यांची शाई अल्कोहोलमध्ये गेली की उतरते आणि मग तुमच्याकडे वीस बाटल्या असतात आणि कुठली कुठली ते देवाला माहीत.

२. माती घेताना

वरचा पाला वेगळा, खालची पाच सेंटिमीटर माती वेगळी, दगडावरचं शेवाळ वेगळं. हे तिन्ही एका पिशवीत कोंबलं की अर्धी माहिती तिथेच गेली, कारण एकाच झाडाखाली पाल्यात एक प्रजाती आणि मातीत तिच्या जवळच्या नात्यातली दुसरी प्रजाती असं सर्रास असतं. उंचीचंही तेच, पायथा, मधला टप्पा आणि माथा यांच्या पिशव्या वेगळ्या. मोबाइलचा जीपीएस उंची कधीकधी बरीच चुकवतो, म्हणून आकडा नकाशाच्या कंटूरशी ताडून लिहा. माथेरान ८०० मीटरच्या आसपास, कळसूबाईचा माथा १,६४६, एवढं डोक्यात असलं तरी भलता आकडा लगेच खटकतो.

माती दाबून भरू नका. पिशवीत थोडी हवा ठेवा, लोकलमध्ये सॅकच्या तळाशी टाकू नका आणि उन्हात तर अजिबात नको. जास्तीत जास्त एक-दोन दिवसांत फनेलला लावा.

*सावधान:* भर पावसातली चिखल झालेली माती आणलीत तर फनेलखाली माइट कमी आणि गाळ जास्त पडेल. पाऊस ओसरल्यावर, जमीन ओली पण हातात घेतली तर पाणी न सुटणारी, अशी वेळ बघा.

३. फनेल: इथे एलईडी चालत नाही

बर्लीज-टुलग्रेन फनेलचं तत्त्व साधं आहे. वरून उष्णता देऊन माती हळूहळू सुकवायची, आतले प्राणी ओलाव्याच्या मागे खाली खाली सरकतात आणि शेवटी चाळणीतून बाटलीत पडतात. आता बहुतेक जण घरातला नऊ वॉटचा एलईडी लावतात, उजेड भरपूर पडतो, माती मात्र आहे तशी ओली, आणि आठवड्यानंतर बाटलीत दोन स्प्रिंगटेल (मातीतले उड्या मारणारे बारीक प्राणी). जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब हवा, २५ किंवा ४० वॉटचा. मुंबईतल्या लोहार चाळीत विचारलं तर अजून मिळतो.

चाळणी साधारण दोन मिलिमीटर भोकांची घ्या, पिठाची नको. मातीचा गोळा चाळणीवर उलटा ठेवा, म्हणजे जमिनीची वरची बाजू खाली, कारण प्राण्यांना बाहेर पडायच्या वाटा त्या बाजूला आधीच असतात. बल्ब पहिल्या दिवशी वीस-पंचवीस सेंटिमीटर वर आणि मग रोज थोडा खाली. पहिल्याच दिवशी जवळ आणला तर वरचा थर कडक होतो आणि सावकाश चालणारे ऑरिबॅटिड, जे आपल्याला हवेत, तेच आत मरतात. पाच ते सात दिवस द्या, मुंबईच्या दमट हवेत थोडे जास्तच.

खाली बाटलीत ७० ते ८० टक्के इथेनॉल. ते कॉलेजच्या लॅबमधूनच घ्या. सॅनिटायझर जेल वापरू नका, तो चिकटा माइटच्या केसांवर बसतो आणि मग निघत नाही.

*तपासा:* फनेलच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमलेत का? जमले असतील तर माइट त्यातच अडकतात. चाळणी आणि फनेलच्या कडेत थोडी फट ठेवा, हवा खेळू द्या.

*सावधान:* सुका पाला, तापलेला बल्ब आणि खाली अल्कोहोल, हे तिन्ही एकत्र आहेत. रात्रभर चालू ठेवून घराला कुलूप लावून जाऊ नका.

४. आधी बघा की तो ऑरिबॅटिड आहे तरी का

बाटलीतला माल पेट्रीडिशमध्ये ओतून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बारीक ब्रशने वेगळा करा. मऊ, पांढुरके, लांब पायांचे बाजूला ठेवा. फसवतात ते युरोपोडिना गटातले माइट, कारण तेही तपकिरी, कडक आणि कासवासारखे. फरक दोन ठिकाणी बघा. एक, ऑरिबॅटिडच्या डोक्याकडच्या भागावर (प्रोडॉर्समवर) दोन्ही बाजूंना एकेक कपासारखा खड्डा असतो आणि त्यातून एक खास केस बाहेर येतो, तो सेन्सिलस. युरोपोडिनाला तो नसतो. दोन, युरोपोडिनाच्या पोटाकडे पाय दुमडून ठेवायचे खोलगट कप्पे असतात आणि पायांजवळ श्वासरंध्र, त्याला जोडून पेरिट्रीमची नळी. पाणथळ जागेतल्या काही ऑरिबॅटिडना सेन्सिलस नसतो, पण डोंगरउतारावरच्या सॅम्पलमध्ये ही खूण बहुतेक वेळा पुरते.

रिकामी कवचंही भरपूर पडतात. चमकदार, आरपार दिसणारी, पाय तुटलेली. ती मोजायची नाहीत आणि त्यांच्यावरून नाव तर मुळीच ठरवायचं नाही.

५. वय: पिल्लाला नवीन प्रजाती करू नका

अंड्यातून बाहेर आल्यावर लार्वा, त्याला सहाच पाय. मग प्रोटोनिम्फ, ड्यूटोनिम्फ, ट्रायटोनिम्फ आणि मग अॅडल्ट. उच्च गटांमध्ये निम्फ आणि अॅडल्ट यांचं एकमेकांशी काही म्हणजे काही साम्य नसतं. निम्फ फिका, मऊ, सुरकुतलेला, त्याला अॅडल्टच्या खांद्याशी असतात तसे पंखासारखे पापुद्रेही नाहीत, त्यामुळे लोक एकाच प्रजातीच्या दोन करून मोकळे होतात. उलट नोथ्रससारख्या जुन्या गटांत निम्फ बराचसा अॅडल्टसारखाच दिसतो, तिथे पोटावरची जननेंद्रियाची झाकणं उघडून आतल्या पॅपिला मोजाव्या लागतात: प्रोटोनिम्फला एक जोडी, ड्यूटोनिम्फला दोन, ट्रायटोनिम्फ आणि अॅडल्टला तीन.

नुकती कात टाकलेला अॅडल्टही फिका असतो. रंगावर जाऊ नका, रंग ही या कामातली सगळ्यात बेभरवशाची खूण आहे.

६. लॅक्टिक ॲसिडमध्ये साफ करणं

याच टप्प्यावर सगळे घाई करतात. अल्कोहोलमधला माइट थेट स्लाइडवर ठेवला तर तो काळा गोळा दिसतो, त्यातून उजेडच जात नाही. त्याला लॅक्टिक ॲसिडमध्ये ठेवून आतलं मांस विरघळू द्यायचं, कवच तेवढं राहतं. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर ८८ ते ९० टक्क्यांच्या आसपासचं मिळतं. गडद रंगाच्या माइटला ते तसंच, फिक्या आणि मऊ माइटला अर्धं पाणी घालून, नाहीतर तो आत पिचकतो. वेळेचा ठराविक नियम नाही, काही एका दिवसात आरपार होतात, काही दोन आठवडे बसतात. हॉटप्लेटवर पन्नास-साठ डिग्रीला ठेवलं तर लवकर होतं. उकळी येऊ दिली तर फुगून फुटतो.

अंगावर मातीचे कण आणि सेरोटेग्युमेंट नावाचा मेणचट थर असतो. बारीक ब्रशने हळूच काढा, पण आधी तो आहे तसा बघून, चित्र काढून घ्या, कारण काही गटांमध्ये त्या थराची नक्षी हीच खूण असते. धुतल्यावर परत आणता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: माइट कायमचा चिकटवू नका. हॉयर मीडियममध्ये (स्लाइडवर माइट पक्का बसवायच्या चिकट द्रवात) बसवलेली स्लाइड दिसते सुंदर, पण माइट एकाच अंगावर पडलेला राहतो आणि उरलेल्या बाजू गेल्या त्या गेल्या. खड्डा असलेली कॅव्हिटी स्लाइड घ्या, त्यात लॅक्टिक ॲसिडचा थेंब, माइट खड्ड्याच्या उतारावर, आणि कव्हरस्लिप अशी ठेवा की खड्डा अर्धाच झाकला जाईल. कव्हरस्लिप सुईने किंचित सरकवली की माइट लोळतो. पाठ, पोट, कूस, समोरून, सगळं एकाच माइटवर बघता येतं. हात बसायला वेळ लागतो, पहिले काही माइट खड्ड्याच्या मध्यभागी घसरून पालथे पडून राहतात, सुईने परत उतारावर ढकलायचे आणि पुन्हा सुरुवात करायची.

*तपासा:* कवचाखाली काळी गोल कड दिसतेय? तो हवेचा बुडबुडा आहे, अवयव नाही. थोडी ऊब द्या, निघून जातो.

७. पोट आधी बघा, पाठ नंतर

पाठ सुंदर असते म्हणून सगळे तिथेच अडकतात. गटाचं उत्तर मात्र पोटावर असतं. जननेंद्रियाची आणि गुदाची झाकणं मोठी, एकमेकांना टेकलेली आणि पोटाची जवळजवळ सगळी लांबी व्यापणारी असतील तर तो खालच्या, म्हणजे जुन्या गटांपैकी. दोन्ही लहान, गोलसर आणि मध्ये चांगलं अंतर असेल तर तो ब्रॅकीपायलिना, म्हणजे वर सांगितलेले उच्च गट, आणि आपल्याकडच्या सॅम्पलमध्ये फिरूनफिरून येणारे बरेचसे याच गटातले. काही माइट डोक्याचा भाग खाली दुमडून पाय आत घेतात आणि बंद डबी होऊन पडतात, ते बॉक्स माइट, त्यांची वाट पूर्ण वेगळी.

मग केस मोजा. जननेंद्रियाच्या झाकणावर किती जोड्या, त्याच्या बाजूला किती, गुदाच्या झाकणावर किती, त्याच्या कडेला किती. पायांच्या मुळाशी असलेल्या चार पट्ट्यांवरचे केस पुढून मागे मोजले की ३-१-३-३ असं काहीतरी सूत्र मिळतं. दोन्ही बाजू मोजा, एका बाजूला एखादा केस कमी-जास्त असणं होतं, म्हणून तीन-चार माइट बघितल्याशिवाय आकडा पक्का धरू नका.

*सावधान:* केस दिसत नाही म्हणजे केस नाही असं नव्हे. तो तुटलेला असतो. केसाच्या मुळाची वाटीसारखी जागा (अल्व्हिओलस) शोधा, ती असेल तर केस मोजायचा.

८. पाठीवरचे चार प्रकारचे ठिपके

नव्वद टक्के वाद इथले. पाठीच्या ढालीवर (नोटोगॅस्टरवर) फिके ठिपके दिसतात आणि विद्यार्थी सगळ्यांनाच "पोर" लिहून टाकतात. १०० एक्सची ऑइल ऑब्जेक्टिव्ह लावा, बारीक फोकस वर-खाली करत राहा, तेव्हा हे चार वेगळे होतात:

अल्व्हिओलस अगदी लहान गोल असतो, कड स्पष्ट, मध्ये एक बिंदू.

लायरिफिशर ही चीर असते, लांबट, आणि फोकस हलवला तरी लांबटच राहते.

स्नायू चिकटायची जागा म्हणजे फिका डाग, कड धूसर, आत काहीही नाही.

पोरोज एरिया हा डागच, पण आत बारीक बारीक टिंबं दाटीने भरलेली, रव्यासारखी. त्याऐवजी अरुंद तोंडाची छोटी पिशवी आत गेलेली दिसली तर तो सॅक्युल.

आता हे प्रत्यक्षात कसं वापरायचं ते बघा. सॅम्पलमधून दोन माइट निघाले, दोघे तपकिरी, गोलसर, चकचकीत, दोघांना खांद्याशी पंखासारखे टेरोमॉर्फ. साठ टक्के वह्यांमध्ये दोघांखाली "गॅलम्ना" लिहिलेलं सापडेल, हा माझा अंदाज. लोळवून बघा. पहिल्याचे पंख मोठे, खांद्याच्या पुढेही आणि मागेही पसरलेले, मुळाशी बिजागरीसारखी रेघ, त्यामुळे ते खाली मिटून पाय झाकता येतात. प्रोडॉर्समवर पट्टीसारखी लॅमेला नाही, नुसत्या रेघा आहेत. पाठीवर केसांच्या नुसत्या जागा, आणि पोरोज एरिया, बहुधा चार जोड्या. जननेंद्रियाच्या झाकणावर केसांच्या सहा जोड्या. हा गॅलम्निडी कुळातला. दुसऱ्याचे पंख लहान, न हलणारे, प्रोडॉर्समवर दोन्ही बाजूंना अरुंद लॅमेलाची पट्टी, सेन्सिलस टोकाला फुगलेला, पोरोज एरियाऐवजी सॅक्युल, आणि जननेंद्रियाच्या केसांच्या चार जोड्या. हा शेलोरिबॅटिस. सहा आणि चार, एवढा एक आकडा पोटावर नीट मोजला असता तरी वहीतली चूक टळली असती.

पण इथे पोचलात तरी पहिल्याचं कुळापर्यंत आणि दुसऱ्याचं वंशापर्यंतच झालं. गॅलम्ना आणि परगॅलम्ना वेगळे करायला प्रोडॉर्समवरच्या दोन रेघा आणि लॅमेलर केसाची त्यांच्या तुलनेत जागा बघावी लागते. त्याच्या पुढे प्रजातीसाठी सेन्सिलसचा नेमका आकार, प्रत्येक पोरोज एरियाचा आकार आणि जागा, पाठ आणि प्रोडॉर्सम यांच्यामधली रेघ अखंड आहे की मध्ये तुटलेली, पाठीच्या मध्यावर छिद्र आहे का, हे सगळं. सेन्सिलस तर तीन बाजूंनी काढा, चपटं टोक कुशीवरून काडीसारखं दिसतं आणि लोक "सुईसारखा" लिहून चुकीच्या फाट्यावर जातात.

*तपासा:* नर की मादी? काही प्रजातींत नराच्या पोरोज एरिया मादीपेक्षा वेगळ्या असतात. आत अंडी किंवा लांब ओव्हिपॉझिटर (अंडी घालायची नळी) दिसला तर मादी. दोघांचं मिळून वर्णन लिहा, दोन प्रजाती करू नका.

९. मोजमाप

लांबी कुशीवरून घ्या, रोस्ट्रमच्या, म्हणजे डोक्याकडच्या सगळ्यात पुढच्या भागाच्या, टोकापासून नोटोगॅस्टरच्या मागच्या कडेपर्यंत. पाठीकडून घेतली तर माइट थोडा पुढेमागे कललेला असतो आणि आकडा कमी येतो. रुंदी मात्र पाठीकडून, जिथे सगळ्यात जास्त असेल तिथे. कव्हरस्लिपने चेपलेला माइट मोजू नका.

आयपीसमधली पट्टी स्टेज मायक्रोमीटरशी (ठरलेल्या मापाच्या रेघा असलेल्या स्लाइडशी) जुळवल्याशिवाय तिला काही अर्थ नाही, आणि प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला वेगळी जुळवावी लागते. १० एक्सला एक घर १० मायक्रॉनचं निघालं तर ४० एक्सला ते साधारण २.५ होतं. माइट मोजले १० एक्सला आणि गुणले ४० एक्सच्या आकड्याने, असा प्रोजेक्ट असला की त्यात ४०० मायक्रॉनचा माइट १०० चा होऊन बसतो आणि गाइडच्याही लक्षात येत नाही. जमतील तितके मोजा, सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठा असं लिहा, नुसती सरासरी नको.

१०. आता ओळखीची की (key) उघडा

की म्हणजे खुणांवरून एकेक फाटा निवडत नावापर्यंत नेणारा तक्ता. युरोपातल्या माइटची की हाताशी असते म्हणून सह्याद्रीतला माइट तिच्यात बसवू नका. की प्रत्येक वेळी कुठल्यातरी नावापर्यंत नेतेच, तुमचा माइट तिच्यात नसला तरी. वंशापर्यंत जागतिक की चालते, पुढे भारतातली आणि दक्षिण आशियातली वर्णनं काढा आणि शेवटच्या दोन-तीन नावांसाठी मूळ वर्णन चित्रासकट समोर ठेवा. नाव आज वैध आहे का ते लुइस सुबियास यांच्या जागतिक यादीत बघा, ती २००४ साली आली आणि नंतर सुधारत गेली आहे.

खुणांचा तक्ता करा, एका रकान्यात मूळ वर्णन, दुसऱ्यात तुमचा माइट. सगळं जुळलं तर नाव. बरंचसं जुळलं आणि एखादी खूण अडली तर नावाआधी "सीएफ" (म्हणजे याच्याशी ताडून बघा) लावा. काहीच नीट जुळत नसेल तर "गॅलम्ना स्पी. १" (वंश गॅलम्ना, प्रजाती ठरलेली नाही) लिहा आणि चित्रं जोडा, यात कमीपणा काही नाही, उलट परीक्षकाला कळतं की पोरगं प्रामाणिक आहे. नवीन प्रजाती हा शब्द तोंडातून काढायच्या आधी नमुने पुण्यातल्या झूलॉजिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागीय केंद्रासारख्या ठिकाणी जाणकाराला दाखवा.

बघून झालेला माइट लॅक्टिक ॲसिडमधून काढून धुवून परत अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत, लेबल बाटलीच्या आत, त्यावर ठिकाण, उंची, तारीख, पाला की माती की शेवाळ, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. अल्कोहोलमध्ये दोन थेंब ग्लिसरीन घाला, झाकण सैल राहून अल्कोहोल उडालं तरी माइट कोरडा होऊन चुरत नाही. पुढेमागे डीएनए करायचा विचार असेल तर सुरुवातीलाच काही माइट ९५ टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये टाकून फ्रीझरमध्ये ठेवा, आणि लॅक्टिक ॲसिडमध्ये जाऊन आलेले त्यांच्यात मिसळू नका.